आतोबांचं पुरणयंत्र

अख्ख्या कलकत्त्यात 'नाही' हा शब्द ऐकू न येणारा एकच माणूस होता आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा होता. तसे आतोबांचे कान उत्तम होते. शेजारच्या घरात कुणी बशीत चहा ओतला तरी त्यांना ऐकू यायचं आणि पाठोपाठ तेही तिथे पोचायचे. पण समोरचा 'नाही' म्हणाला की ते "बरं, मग उद्या येतो" म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच हजर होत. बंगाली माणसानं मान हलवून 'होबे ना' म्हटलं की आपल्यासारख्यांचा विषय संपतो. आतोबांचा तिथून सुरू व्हायचा.

त्यांची नोकरी गार्डन रीचला, रेल्वेच्या ऑफिसात. पक्की, पेन्शनची. पण वस्तू दिसली की ती उघडून पाहायची या खोडीपायी त्यांचं कधी फायलींत मन रमलं नाही. आमच्या घरी आले की आई भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात ठेवायची. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात अंतरपाट धरायला त्यांच्या नावानं हाका मारल्या, तेव्हा ते मांडवामागे बसून आइस्क्रीमच्या पॉटचं हँडल फिरवत त्याच्या दात्यांचा अभ्यास करत होते. शिवाय कुणालाही काहीही विचारायची लाज म्हणून नाही. हावड्याला जाणाऱ्या लाँचमध्ये चढले की पलीकडचा घाट येईपर्यंत लाँच चालवणाऱ्या सारंगाच्या मुलीच्या लग्नापासून इंजिनाच्या दुखण्यापर्यंत सगळं त्यांना कळलेलं असे. त्यांचं बंगाली म्हणजे सदाशिव पेठी मराठीच, फक्त तोंडाचा चंबू करून बोललेलं. लोक पोट धरून हसत. "हसले म्हणजे ऐकलं," आतोबा म्हणत, "आणि ऐकलं म्हणजे अर्धं काम झालं की गं!"

तेव्हा कलकत्त्यातल्या आम्हा मराठी घरांत धड पुरणयंत्र मिळेना. आत्याकडे पुण्याहून आणलेलं एक पितळी यंत्र होतं. होळीच्या आठवड्यात ते गावभर फिरायचं आणि कुणाकडे आहे याचा शोध घेण्यात आतोबांच्या संध्याकाळी जायच्या. अशाच एका संध्याकाळी त्यांनी ठरवलं की पुरणयंत्र हावड्यात बनवायचं. तिथल्या एका गल्लीत त्यांनी पितळेचं ओतकाम करणारे दोन कारागीर गाठले, एक शेड घेतली आणि ऑफिसातून बिनपगारी रजा काढली. आत्यानं कपाळाला हात लावला. ती चिडली नाही, पण एक अट घातली. रजा भाऊबिजेपर्यंत होती. तोवर कारखाना स्वतःच्या पायावर उभा राहिला तर राजीनामा, नाहीतर मुकाट्यानं ऑफिसात जायचं आणि पुन्हा आयुष्यात हा विषय काढायचा नाही. तिचंही पणाला लागलेलं होतंच. राजीनामा म्हणजे क्वार्टर जाणार, आणि त्या क्वार्टरच्या गॅलरीत उभं राहून नदीतली जहाजं बघत वेणी घालणं हे आत्याचं कलकत्त्यातलं सगळ्यात मोठं सुख होतं.

मंडळाच्या गणपतीत आतोबांनी यंत्रं मांडली आणि पहिल्याच दिवशी सगळी संपली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र कुणी फिरकेना. शहरातल्या यच्चयावत मराठी घरांत पुरणयंत्र पोचलं होतं आणि ते इतकं दणकट होतं की नातसुनेच्या हातीसुद्धा तेच जाणार होतं.

"अहो, जरा मोडेल असं करायचं होतं," आत्या वैतागून म्हणाली.

"मोडणारी वस्तू माझ्या हातून नाही व्हायची," आतोबा म्हणाले. शेडमध्ये तयार यंत्रांची रास होती आणि गिऱ्हाईक उरलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर हाय खाऊन बसला असता. हे गृहस्थ पिशवीत एक यंत्र टाकून बागबाजारला संदेश खायला गेले.

दुकानाच्या मागच्या बाजूला कारागीर तळहातानं छेना, म्हणजे फाडलेल्या दुधाचा चोथा, घासत बसले होते. कणी मोडून छेना लोण्यासारखा होईपर्यंत तसंच घासायचं. आतोबांनी हातातला संदेश खाली ठेवला आणि पिशवीतून यंत्र काढलं. मालक 'होबे ना' म्हणाले. आतोबा दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. शेवटी पिच्छा सोडवायला मालकांनी यंत्र ठेवून घेतलं.

आणि घात झाला. कारागिरांनी छेना यंत्रात भरला, काम अर्धवट टाकून ते जेवायला गेले, परत येऊन तोच छेना त्यांनी वळला. संध्याकाळी आतोबा पाहायला गेले तर दुकानात गिऱ्हाइकांचा गलका! संदेशाला हिरवट झाक आणि जिभेवर चमत्कारिक चव. आतोबा पाठीमागच्या पाठीमागे सटकू शकले असते. ते पायरीवर चढले आणि आपल्या त्या अगाध बंगालीत सगळ्यांना सांगितलं की दोष दुकानाचा नाही, या यंत्राचा आहे आणि यंत्र माझं आहे. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर आत्यानं यंत्र हुंगलं. "अहो, दही कुणी बिनकल्हईच्या पितळेत ठेवतं का? छेनाही आंबट घालूनच फाडलेला. कळकणारच!" पुरणाच्या नादात आंबटाचा विचारच कुणी केला नव्हता. सकाळी आतोबा यंत्राला आतून कल्हई करायला हावड्याला पळाले आणि तिथून थेट बागबाजारला निघाले. मी तेव्हा कॉलेजात होते, हट्टानं त्यांच्याबरोबर गेले होते. म्हटलं, "आतोबा, निदान दुसऱ्या दुकानात तरी जा."

"दुसऱ्या दुकानाला माझी काय माहिती? मी खोटं बोलत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक झालंय."

मालकांनी आम्हांला पाहिलं, कपाळावर हात मारला. "आपनि तो पागोल मानुष, मोशाय," असं म्हणत त्यांनी बसायला स्टूल सरकवलं. या खेपेला छेना पांढराशुभ्र उतरला. भाऊबीज म्हणजे त्यांचा भाईफोंटा, संदेशाची सगळ्यात मोठी गर्दी. मालकांनी आणखी यंत्रं मागवली; तळहातानं घासण्यापेक्षा काम झपाट्यानं होई आणि हाताची यंत्रं असल्यानं दिवे गेले तरी थांबत नसे. सणाआधीच शेडमधली रास संपली आणि आजूबाजूचे हलवाई हावड्याची गल्ली विचारत येऊ लागले. मला इतका अभिमान वाटला की कॉलेजातल्या बंगाली मैत्रिणींना मी आठवडाभर दुसरं काही बोलू दिलं नाही.

पुढे कारखाना वाढला, हे सगळ्यांना माहीत आहे. धंद्याला कसला माणूस लागतो, अशी चर्चा निघाली की मी आजही आतोबांचा चिवटपणा सांगते, खरेपणा सांगते. त्यांना भीती ठाऊक नव्हती, असंही पूर्वी सांगत असे. ते गेल्यानंतर एकदा आत्यापाशी तसं बोलले, तर ती हसली. राजीनामा द्यायला तीही बरोबर गेली होती म्हणे. ऑफिसच्या जिन्यात अर्ध्यावर आतोबा खाली बसले. "मला भीती वाटतेय गं. तुझं घर जाईल," म्हणाले. लोक वर-खाली जात होते, तिथेच ही त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? म्हटलं, आणा तो कागद इकडे. मी देऊन येते."