कमरवाक्या पुलाखालून नवरीची होडी

साठी झाली की वल्हं खाली ठेवायचं, असा होड्यांच्या कचेरीचा नियम. पान लिंदीला गेल्या महिन्यात साठ पूर्ण झाली. पण या गावच्या कालव्यात ती एकोणीस वर्षांची असल्यापासून होडी हाकतेय. नियम काढणारा मॅनेजर फेई वेनजुन तेव्हा जन्मालाही आला नव्हता, आणि हे त्याला रोज ऐकवल्याशिवाय बाई होडी सोडत नसे.

"मावशी, आज शेवटची फेरी हं," सकाळी फेई म्हणाला. नवरीच्या आईनं हट्टच धरला होता, माझी वरात लिंदीनं नेली, लेकीचीही तीच नेणार.

"असं? मग ऐक," लिंदी म्हणाली. "तिन्ही पूल मागं न सरता काढले, तर वल्हं माझ्याकडे राहील. नाही जमलं तर मी स्वतः तुझ्या टेबलावर आणून ठेवते."

"चालेल!" फेई हसला. त्याला काय, बोलायला पैसे पडतात थोडेच.

नवरीची होडी तीन पुलांखालून जाते आणि एकदाही मागं घ्यायची नाही, ही इथली रीत. मागं सरली तर नवरी माहेरी परतते म्हणतात. लिंदीला खरं-खोटं माहीत नव्हतं, पण एकेचाळीस वर्षांत तिनं कुणाला परतवलं नव्हतं.

आता या शहाण्या फेईनं काय केलं? फोटो छान यावेत म्हणून होडीच्या छतावर सोनेरी लाकडी फिनिक्स पक्षी ठोकला.

"पूल बसका आहे रे बाबा," लिंदी म्हणाली.

"काल मोजलंय मी, मावशी."

काल मोजलं! आणि रात्री वरच्या अंगाला पाऊस पडून पाणी चढलं, त्याचं काय?

पहिले दोन पूल झोकात गेले. तिसऱ्याला नावाडी कमरवाक्या म्हणतात, इतका तो वाकलेला. फिनिक्सची मान त्याच्या कमानीला चार बोटं अडत होती. ठोकलाय असा की उपटायचा तर छतच हातात यावं. लाल कपड्यातली नवरी रडकुंडीला आली. काठावर फेईचा चेहरा पांढराफटक.

"मावशी, जरा मागं घ्या, दुसरी होडी मागवतो!"

"तोंड सांभाळ! नवरीच्या होडीत तो शब्द काढायचा नाही." लिंदीनं वल्ह्याच्या एका हिसक्यानं होडी आडवी सरकवून काठच्या पायऱ्यांना लावली. नवऱ्याकडचे मामा-काका तिथंच स्वागताला उभे होते, एकेक असा भरलेला गडी की बघत राहावं.

"काय हो, जेवणाची वाट बघताय? या, बसा आधी!"

"आम्ही? होडी बुडेल की!"

"बुडवायचीच आहे. चार बोटं!"

नऊ जण हसत, एकमेकांना ढकलत चढले. होडी दबली. अजून बोटभर उरलं.

"वेनजुन, ये."

"मी कशाला, मावशी?"

"पोट मावेना म्हणून गेल्या वर्षी नवा पट्टा घेतलास ना? त्याचं सार्थक कर."

काका मंडळी खो खो हसली. फेई लाजत चढला आणि दोन मामांच्या मधे फतकल मारून बसला. लिंदीनं वल्हं पाण्यात घातलं. अडकली तर संपलंच सगळं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. फिनिक्सनं कमानीचं शेवाळ खरवडलं आणि होडी पलीकडे उन्हात आली. काठावर फटाक्यांची माळ लागली. नवरीनं लिंदीच्या गळ्यात हात टाकले.

दोर बांधायला लिंदीनं वल्हं क्षणभर ठेवलं. वळून बघते, तर ते फेईच्या हातात. 

फेई उभा राहिला आणि त्यानं ते दोन्ही हातांनी, मान लववून, तिच्यापुढं धरलं. बारा वर्षांत या पोरानं तिला साधी पावतीही कधी दोन्ही हातांनी दिली नव्हती. लिंदीनंही ते दोन्ही हातांनी घेतलं.

"बघतोस काय?" ती कशीबशी म्हणाली. "बाजूला हो. आधी नवरीला उतरू दे."