खाली लोकांचं मत

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते आणि सांगणारच. बाबांना सही सोडून काही लिहिता-वाचता येत नाही, म्हणून माझं छापून आलेलं प्रत्येक अक्षर त्यांना ऐकायचं असतं. धाड गावच्या बाजाराच्या दिवशी ते शिंप्याच्या दुकानात बसतात. शिंपी आपल्या मोबाईलवर माझा लेख काढून मोठ्यानं वाचतो. भावकीतले दोघे-तिघे जमतात. चहा बाबांकडून.

मी बुलढाण्यात खोली करून राहते आणि एका वेबसाईटसाठी व्हिडिओ गेमवर मराठीत लिहिते. त्या आठवड्यात एका नव्या गेमवर लिहिलं होतं. पुढच्या कुठल्यातरी शतकातलं युद्ध, परग्रहावरच्या खाणी, आणि बंदूक आपल्याच हातात. मोठ्या समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला होता: काय तो प्रकाश, काय ते आकाश! खेळणाऱ्यांत मात्र दोन तट. काही चिडलेले, की चांगली बंदूक हवी तर वेगळे पैसे भरा. काही इतके वेडे, की गेमला नाव ठेवलं तर अंगावर येतात. मी लिहिलं, प्रकाश सुंदरच आहे; पण संपावर बसलेल्या निःशस्त्र खाणकामगारांवर गोळी झाडली की गेम उलट बक्षीस देतो, ते मला पटलं नाही.

सकाळी उठून पाहते तर खाली कमेंटचा ढीग. ‘पोरींनी भाकरी थापाव्या’ ही त्यातली सगळ्यात सभ्य. ‘कोणत्या गावची आहे ते शोधून काढतो’ असं एकानं लिहिलेलं. त्याखालचं मी इथंही लिहिणार नाही. संपादकांना म्हटलं, काढून टाका. ते म्हणाले, “कमेंट वाचायलाच तर लोक येतात, ताई.”

तेवढ्यात बाबांचा फोन. “तुह्यं नवं आलं म्हणे. आज बाजार हाय, ऐकतो.” मी काही बोलायच्या आत ठेवलासुद्धा. नंतर उचलेनात. शिंपीही उचलेना.

मला खोलीवर ठेवायला भावकीचा विरोध होता आणि बाबा सगळ्यांशी भांडले होते. आता त्याच लोकांसमोर ते सगळं मोठ्यानं वाचलं जाणार, आणि बाबा एवढंच म्हणणार: सामान बांध.

मिळेल ती जीप धरली. सीटा भरेपर्यंत जीपवाला हलेना. हातातल्या मोबाईलवर कमेंट वाढतच होत्या.

दुकानाशी पोचले तेव्हा शिंपी लेखाच्या शेवटच्या ओळीवर होता.

“आली का तू!” बाबा खूश. “बस. खाली आणखी हाय म्हणते हा. लोकायचं मत.”

“ते राहू द्या, बाबा.”

“काऊन? लोकं काय म्हणते ते कळू दे ना आमाले. वाच बे.”

शिंप्यानं अंगठ्यानं वर सरकवलं. “‘हिनं गेम खेळला तरी का?’ असं इचारते एक जण.”

शेजारी बसलेले चुलते हसले. “घ्या! पोरगी गेम खेळाले ठेवली वाटते बुलढाण्याले!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “खेळली का तू?”

“हो. शेवटपर्यंत.”

“मंग झालं. पुढचं वाच.”

शिंप्याचा अंगठा थांबला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मोबाईल मांडीवर ठेवला. “चार्जिंग गेली, दादा.”

“आत्ता तर चालू होता बे,” चुलते म्हणाले.

मोबाईलचा उजेड शिंप्याच्या पायजम्यावर पडला होता. बाबांना अक्षर कळत नाही, पण मोबाईल चालू आहे की बंद, ते कळतं. ते त्या उजेडाकडे पाहत राहिले. मग शिंप्याच्या तोंडाकडे. मग त्यांनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला आणि उठले.

बुलढाण्याच्या जीपच्या थांब्यापर्यंत ते माझ्यासोबत चालले. आता म्हणतील सामान बांध, आता म्हणतील, असं मला पावलागणिक वाटत होतं. जीप सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीची दांडी धरली.

“रातच्याले कडी नीट लावत जाय,” ते म्हणाले. “अन् खोलीचा पत्ता कुठीच लिहू नको.”