चहाबरोबरची गोळी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाँड्री आहे. तिथे इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा माझे शर्ट त्यांच्याच हातचे. कॉलर अशी बसवायच्या, की मुलं आधी तिच्याकडे बघत, मग फळ्याकडे.

जड इस्त्रीने खांदा भरून यायचा. लाँड्रीचे मालक मायाळू. दुपारच्या चहाबरोबर दुखण्यावरची एकेक गोळी सगळ्यांच्या बशीत ठेवायचे. वर्षानुवर्षं. त्या गोळीला औषध असं कोणी म्हणतच नसे.

पुढे ताईंचं पोट अडू लागलं. कळा, फुगवटा, उलट्या. वारासुद्धा सरत नसे. दवाखान्यात नाकातून नळी घालून उपाशी ठेवलं, की आतडं मोकळं व्हायचं. कामावर रुजू झाल्या, की काही महिन्यांनी पुन्हा तेच. नवरा म्हणे, "हिच्या पोटाला आमच्या घरचं अन्न पसंत नाही." त्या हसत, पण वाळत चालल्या होत्या. त्यांना घोर एकच, इस्त्रीचं टेबल सुटेल का?

"काही औषधं चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"छे, मला औषधाचं वावडंच."

मग अपेंडिक्सच्या जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटली असतील, असं धरून पोट उघडलं. चिकटलेलं काही नव्हतं. आतड्यातच जागोजागी पातळ पडदे आले होते, मधे जेमतेम छिद्र. तेवढा भाग काढला. पण पडदे कशाने आले, ते कळेना.

टाके भरत आल्यावर ताईंनीच विचारलं, "डॉक्टर, खांदा ठणकतोय. दुकानातली गोळी घेऊ का?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "कसली गोळी?"

मालक भेटायला आले, तेव्हा मी तिथेच होतो. रोजच्या त्या गोळीनेच आतड्यात पडदे आले, ती आता कायमची बंद, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं.

"माझ्याच हाताने दिल्या, ताई."

"तुम्ही मायेने दिल्यात. डॉक्टरांनी विचारल्यावर मीच सांगितलं नाही."

"आता काउंटर सांभाळा. पगार तोच."

गोळीशिवाय तो खांदा इस्त्री ओढणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. ताईंनी चादरीची सुरकुती बोटाने दाबून सपाट केली.

"नको, मालक. दुसऱ्याने इस्त्री केलेले कपडे दिवसभर माझ्या हाताने गिऱ्हाइकाला द्यायचे, ते नाही जमायचं मला."

मालकांनी पुन्हा आग्रह केला नाही.