चाळीस दिवसांचं कुलूप

लिफ्टवालीचं कुठल्याही गोष्टीवर एका नजरेत समाधान होत नसे. दाराला कुलूप घातलं की ते ओढून बघायचं, चार पायऱ्या उतरायच्या आणि परत वर येऊन पुन्हा ओढायचं. तिचा नवरा मालवाहू जहाजावर होता, वर्षातले आठ महिने समुद्रावर. तो म्हणायचा, "बरंय मी घरी नसतो, नाहीतर माझा श्वास चालू आहे का ते तू दर तासाला येऊन बघितलं असतंस." पण एकवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईच्या अंगात हे मुरलेलंच असणार. दोर बघ, ब्रेक बघ, मग पुन्हा दोर बघ. तिच्या हाताखालच्या लिफ्टमधून माणसं बिनघोर वर-खाली करत, ती या सवयीच्याच जोरावर.

फक्त मुंग्यांच्या बाबतीत या सवयीनं तिचा घात केला होता.

मुंग्यांचं वेड तिला लागलं ते गच्चीवर. लिफ्टची मोटर असते इमारतीच्या माथ्यावरच्या एका खोलीत. पाच वर्षांपूर्वी, थंडी सरता सरता, ती त्या खोलीतून घाम पुसत बाहेर आली, तर गच्चीवर पंखवाल्या काळ्या मुंग्यांचा नुसता धूर उठला होता. तिनं चौकशी केली तेव्हा कळलं की ही मोठी काळी जात वर्षातून जेमतेम एक-दोन दुपारीच उडते. आदल्या दिवशी हलकी सर यावी लागते, ऊन हवं, वारा पडलेला हवा. मग आसपासच्या सगळ्या वसाहतींतून तरण्या राण्या आणि नर एकाच वेळी बाहेर पडतात, हवेतच त्यांची लग्नं लागतात. नर दोन दिवसांत संपतात. राणी खाली उतरते, स्वतःचे पंख स्वतःच मोडून टाकते आणि एखाद्या फटीत शिरून एकटीनं संसार मांडते. अशी राणी त्याच दुपारी सापडली आणि काचेच्या नळीत नीट ठेवली, तर तिची अख्खी वसाहत डोळ्यांदेखत उभी राहते.

हे सांगणारा होता एक निवृत्त पोस्टमन. त्याच्यासारख्याच नऊ जणांचा फोनवर एक गट होता. त्यात भूगोलाच्या एक बाई होत्या, एक दंतवैद्य होता, एक बेकरीवाला होता. पानगळ संपली की हे सगळे शहाणेसुरते लोक सकाळ-संध्याकाळ एकमेकांना तापमान आणि वारा कळवत बसत. लिफ्टवाली त्यांच्यात दहावी. बाकीच्यांच्या घरी निदान एकेक वसाहत नांदत होती. हिच्याकडे चार वर्षांच्या चार रिकाम्या नळ्या होत्या.

पहिल्या वर्षी तिनं राणी समजून एका नराला जपलं, तो तिसऱ्या दिवशी मेला. दुसऱ्या वर्षी उड्डाणाच्या दुपारी ती एका लिफ्टच्या खड्ड्यात उतरली होती, तिथे फोन लागत नव्हता. तिसऱ्या वर्षी राणी मिळाली, पण ती लग्नाआधीच पकडलेली निघाली. तिच्या अंड्यांतून पुढे नुसते नर निघाले, कामाची मुंगी एक नाही. आणि गेल्या वर्षी सगळं जमून आलेलं असताना बिघडलं ते हिच्याच हातून. नव्या राणीला अंधार हवा, शांतता हवी, महिना-दीड महिना कुणी शिवता कामा नये. खायलाही लागत नाही, पंखांचे स्नायू जिरवून ती त्यावर जगते. लिफ्टवाली मात्र रोज कामावरून आली की नळी काढायची. आधी नऊ अंडी होती. मग सात. मग चार. उजेडानं आणि धक्क्यांनी बिथरलेली राणी आपलीच अंडी खात होती, आणि ती कमी का होताहेत हे बघायला ही आणखी वेळा नळी काढत होती.

"म्हणजे तपासून तपासूनच संपवलंस म्हण की," नणंद म्हणाली होती.

नणंद याच घरात राहायची. वाचनालयात तीस वर्षं काढलेली बाई, पुस्तक एक दिवस उशिरा आलं तरी समोरच्याकडे अशी बघायची की त्यानं पुढच्या वेळी मुदतीच्या आत आणून द्यावं. लिफ्टवालीपेक्षा चार वर्षांनी मोठी, तरी ती हिला 'वहिनी' म्हणे आणि ही तिला 'वन्सं'. मुंग्यांना वन्सं 'तुझी सासरची माणसं' म्हणायच्या.

त्या बोलण्याचा काटा लिफ्टवालीच्या मनात वर्षभर सलत राहिला. या वर्षी राणी आणायची आणि तिला वाढू द्यायचं, असं तिनं ठरवलं. राणी आणणं कठीण आहे हे तिला माहीत होतं. स्वतःचा हात आवरणं त्याहून कठीण जाणार, हेही माहीत होतं.

यंदाची ती दुपार आली तेव्हा लिफ्टवाली एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवर, मोटरच्या खोलीत, लिफ्टचा ब्रेक उघडून बसली होती. सोबत तिचा जुना जोडीदार होता, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. ब्रेकचे दोन्ही जबडे काढून खाली कापडावर मांडलेले. पाचव्या मजल्यावर चाकांच्या खुर्चीतले एक आजोबा तीन वाजता व्यायामाला जायचे म्हणून कपडे करून बसलेले, त्यांची सून दोनदा वर येऊन विचारून गेली होती. एवढ्यात फोन खणखणला. पोस्टमनचा संदेश होता, "उडाल्या. पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर." पाठोपाठ बेकरीवाल्याचा, "आमच्या छपरावर पण."

मिस्त्रीनं तिचा चेहरा बघितला. "जा ताई. मी बसवतो ब्रेक."

"कुलूप माझं आहे."

हा त्यांच्या धंद्यातला कायदा. काम सुरू करण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला आपलं लाल कुलूप लावायचं, वर आपल्या नावाची चिठ्ठी अडकवायची. आत माणूस असताना चुकून कुणी वीज सुरू करू नये म्हणून. कुलूप लावणाऱ्यानेच ते काढायचं, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, साहेब आला तरी नाही.

"मग चावी ठेवून जा. कोण बघतंय इथे?"

"आणि उद्या तुम्ही आत असताना माझी चावी तिसऱ्याकडे गेली, तर तुम्हाला चालेल?"

मिस्त्रीनं मान हलवली आणि पाना पुढे केला.

तिनं फोन उलटा ठेवला. जबडे साफ केले, नवे अस्तर बसवले, स्प्रिंगा मोजून आवळल्या. दारातून एक पंखवाली मुंगी आत येऊन मोटरवर आपटली. लिफ्टवालीनं तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा नटाकडे बघितलं. लिफ्ट रिकामी तीनदा वर-खाली पळवली, मग वजन ठेवून तीनदा. तीनला पाच कमी असताना तिनं कुलूप काढलं. फोनवर पोस्टमनचा शेवटचा संदेश होता, "संपलं. मला दोन मिळाल्या."

"चला," मिस्त्री म्हणाला, "पुढच्या वर्षी."

"दहा मिनिटं थांबा."

आकाशात आता काही नव्हतं. पण उडणाऱ्या राण्यांशी तिला कर्तव्यच नव्हतं, तिला उतरलेली हवी होती. ती गच्चीवर ओणवी झाली आणि कठड्याच्या कडेकडेनं सरकू लागली. मेलेले नर, कबुतरांची घाण, एक गंजका स्क्रू. मिस्त्री म्हणाला, "कुणी विचारलं तर मी सांगेन, कानातलं पडलंय." तिसऱ्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या पायाशी, तिला कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक चकाकी दिसली. पंख. बोटभर अंतरावर दुसरा. टाकीखालून येणाऱ्या नळाजवळ आणखी दोन. चारही पंख इथे, म्हणजे त्यांची मालकीण पायीच कुठेतरी जवळ.

तिनं गाल जमिनीला टेकवून टाकीखाली बॅटरी मारली. सिमेंटच्या फटीच्या तोंडाशी, आत शिरू की नको अशी, एक धिप्पाड काळी राणी उभी होती. लिफ्टवालीनं खिशातल्या पायमोज्यातून काचेची नळी काढली आणि तिच्या पुढ्यात धरली. राणी थांबली, मिशा हलवल्या, आणि फटीपेक्षा नळी बरी असं ठरवून आपल्या पायांनी आत गेली.

खाली उतरताना लिफ्टमध्ये आजोबा आणि सून होते. "ठीक आहे ना आता?" सुनेनं विचारलं.

"एकदम ठीक," लिफ्टवाली म्हणाली, खिशावर हात ठेवून.

घरी आल्यावर तिनं तयारी मांडली. नळीच्या तळाशी पाणी, मध्ये कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाशी दुसरा बोळा. हत्यारांची जुनी पत्र्याची पेटी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली. पेटीखाली मोटरच्या पायाला लावतात तसले चार रबरी ठोकळे ठेवले, धक्के बसू नयेत म्हणून. नळी फडक्यात गुंडाळून आत ठेवली, झाकण लावलं. मग एक कोरं लाल कुलूप आणि चिठ्ठी घेऊन ती नणंदेपुढे उभी राहिली.

"वन्सं, हे तुम्ही लावायचं. चिठ्ठीवर नाव तुमचं. चावी तुमच्याकडे. लावणाऱ्यानेच काढायचं, आमच्या कामावरच्यासारखं. चाळीस दिवस."

"मी? तुझ्या सासरच्या माणसांना मी कोंडू?"

"मी मागितली तरी द्यायची नाही. रडले तरी नाही."

वन्संनी चष्म्यावरून बघितलं. मग पेन घेतलं, चिठ्ठीवर आपलं नाव आणि खाली परतीची तारीख घातली, अगदी पुस्तकात घालतात तशी. कुलूप लावून ओढून बघितलं. लिफ्टवालीचा हातही पुढे आला, तशा म्हणाल्या, "हात मागे. माझं कुलूप आहे."

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यात तिचे हात शिवशिवायला लागले. बाराव्या दिवशी वरच्या घरात भिंतीला छिद्रं पाडायचं काम निघालं. भांडी थरथरत होती. लिफ्टवालीनं पळत येऊन पेटीवर तळवा ठेवला. पेटी शांत होती, रबरांनी आपलं काम केलं होतं. तरी जीव राहीना.

"वन्सं, एकदाच. नुसतं जिवंत आहे का बघते."

"आज किती तारीख?"

"बारावा दिवस."

"मुदत संपलेली नाही. चाळिसाव्याला ये."

"अहो, मेली असेल तर?"

"मेली असेल तर तू बघितल्यानं उठून बसणार आहे का?"

लिफ्टवाली वर गेली आणि शेजाऱ्यांना विचारून आली की आणखी किती छिद्रं आहेत. सहा होती. खाली येऊन ती मोजत बसली. सहावं झालं तेव्हा तिनं उठून भाजी चिरायला घेतली. त्यानंतर तिनं चावी मागितली नाही. विसाव्या दिवशी तोंडाशी आलेलं गिळलं. तिसाव्या दिवशी गटावर दंतवैद्यानं विचारलं, "तुमची कशी आहे?" तिनं उत्तर दिलं, "माहीत नाही," आणि ते लिहिताना तिला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. रोज कामावरून आल्यावर ती कपाटासमोर पाच मिनिटं बसायची, हात मांडीवर, आणि उठायची.

चाळिसावा दिवस सुट्टीचा आला. सकाळी न्याहारी झाल्यावर वन्संनी चावी आणली. पेटी टेबलावर न आणता कपाटातच उघडायची, असं ठरलं. वन्संनी कुलूप काढलं, झाकण वर केलं, आणि लिफ्टवाली फडक्याचं डावं टोक सोडवणार तोच म्हणाल्या, "तिकडून काही दिसायचं नाही. कोष उजवीकडे आहेत, पाण्याच्या बाजूला."

लिफ्टवालीचा हात थांबला. ती हळूच वळली.

"तुम्हाला काय माहीत?"

वन्संनी चष्मा काढून पदरानं पुसला. तो स्वच्छच होता.

"सतराव्या दिवशी बघितलं. तू कामावर गेली होतीस. बॅटरीला लाल कागद लावला होता. लाल उजेड त्यांना दिसत नाही, पुस्तकात लिहिलंय."

"कुठल्या पुस्तकात?"

"आणलं वाचनालयातून. दोन आणली. मग सव्विसाव्या दिवशीही बघितलं."

"आणि मला म्हणायचात, मुदत संपलेली नाही."

"तुझी नव्हतीच संपली. कुलूप लावणाऱ्यानेच काढायचं, हे कुणी सांगितलं होतं मला? मी लावलं, मी काढलं, मी परत लावलं. कायदा कुठे मोडला?"

एकवीस वर्षांत या कायद्यातली ही पळवाट लिफ्टवालीच्या ध्यानात आली नव्हती. मग तिला हसू फुटलं, इतकं की तिला पेटीपासून दोन पावलं मागे यावं लागलं, धक्का बसू नये म्हणून.

फडकं उजवीकडून सोडवलं. वन्संनी लाल कागदाची बॅटरी धरली. कापसाला टेकून राणी बसली होती, पोट फुगलेलं, पायाशी कोषांचा ढीग. आणि तिच्या भोवती, तिच्या डोक्याएवढ्याही नाहीत अशा, फिकट रंगाच्या मुंग्या चालत होत्या. एक आईच्या मिशा साफ करत होती. एक कोष ओढत होती, तो तिला पेलत नव्हता, तरी ओढत होती.

लिफ्टवालीनं एकदा मोजलं. पुन्हा मोजायला तिची नजर वळली, पण तिनं तशीच ती उचलली आणि झाकण लावलं. मग फोन घेऊन गटावर लिहिलं, "आहेत. पाच."

"सहा," वन्सं कुलूप अडकवत म्हणाल्या. "एक राणीच्या पोटाखाली आहे. तुला नीट बघायची सवयच नाही."