ॲल्युमिनियम गॅस पितं, आमचे शेठ पेढे मागवतात

भट्टीवर इतकी वर्षं काढली की अंगावर काजळी बसते आणि डोक्यात किस्से. काजळी साबणाने जाते. किस्से जात नाहीत, म्हणून लिहिते. शाळा माझी चौथीपर्यंत, चुका काढत बसू नका!

आमचा कारखाना अंबरनाथ एमआयडीसीत. भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून पाण्याच्या पंपाच्या बॉड्या ओततो. मी आणि आणखी आठ जणी भंगार निवडतो. भट्टीवर रामसूरत. शेठ उल्हासनगरचे, कॅम्प पाचचे. एका कंपनीची ऑर्डर मिळाली आणि माल परत यायला लागला. कंपनी म्हणाली, तिसऱ्यांदा परत आला तर ऑर्डर बंद. म्हणजे भट्टी बंद, आम्ही नऊ जणी घरी!

*

पहिला माल तडकला म्हणून परत आला. तेव्हाच एकदा शेठ ओरडत आले, "लोखंडी सळई कोण कापून नेतंय? सहा फुटाची चार फूट राहिली!" आम्हा बायकांच्या पिशव्या तपासायला लागले. मी डबा उघडून भेंडी दाखवली. "घ्या, ह्यात असेल!"

मग मी रामसूरतला धरलं. भट्टीतला वितळलेला रस कशाने ढवळतोस?

"उसी से."

सळईला चुन्याचा लेप लावतोस?

"हाथ ख़राब होता है."

लेप नसला की तापलेलं ॲल्युमिनियम लोखंड खातं. खाल्लेलं परत देत नाही, वर माल ठिसूळ करतं.

"शेठ, सळई चोरीला नाही गेली. तुम्हीच कंपनीला पाठवलीत!"

*

शेजारी तांब्याची भट्टी आहे. ते लोक रसात हिरवी फांदी बुडवतात, तांबं साफ होतं. शेठनी बघितलं. दुसऱ्या दिवशी कडुलिंबाची फांदी हजर! "अपना भी साफ करो."

असं फटफट उडालं की रामसूरत टेबलावर चढला. ॲल्युमिनियमला ओलं चालत नाही, पाण्यातला गॅस पिऊन बसतं. बॉडी कापून बघितली, तर आतून जाळीदार घावन!

शेठ म्हणाले, "हलकी हो गई, अच्छा है ना?"

पंप गळतात म्हणून तोही माल परत.

*

मग शेठनी तपासायचं मशीन आणलं. कपात थोडा रस घालायचा, मशीन हवा खेचतं. रसात गॅस असला तर नमुना फुगतो. पहिलाच टम्म फुगला. शेठनी पेढे मागवले!

"शेठ, ही पुरी नाही. फुगली म्हणजे नापास."

"पर पेढे तो आ गए."

खाल्ले.

*

तिसऱ्या मालाला कंपनीचा साहेब स्वतः आला. म्हणाला, माझ्यासमोर ओता. शेठ घाबरून रामसूरतच्या कानात, "और गरम कर, पानी जैसा बहना चाहिए!"

मी बर्नरच बंद केला.

"मंदाबाई! साहब के सामने?"

"साहेबाच्या बापासमोर! जास्त तापलं की जास्त गॅस पितं, आणि गोठताना पोटात भोकं पाडतं. मी सांगेन तेव्हा ओतायचं."

ओतलं. बॉडी थंड झाली. तिची तोंडं बंद करून आत हवा भरली आणि पाण्याच्या टाकीत बुडवली. आम्ही नऊ जणी श्वास धरून टाकीवर वाकलो. एक बुडबुडा नाही!

साहेबाने फॉर्म काढला. "गॅस कंट्रोलला काय आहे तुमच्याकडे?"

शेठनी माझ्याकडे बोट केलं. साहेबाने खरंच लिहिलं, मंदाबाई. मग पुढचा रकाना वाचला, "शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली?"

"उसकी नहीं होती, साहब," शेठ म्हणाले. "वो हमारी करती है. रोज!"