कालमतच्या नावावरचा घाट

किर्गिझस्तानात ओशहून बिश्केकला माल नेणाऱ्या आम्हा ट्रकवाल्यांत कालमत आकाचा मान मोठा होता. आका म्हणजे थोरला भाऊ. इसाक मालक वयाने आणि पैशाने कितीही मोठा असला तरी तोसुद्धा त्याला नुसतं नावाने हाक मारायचा नाही. तोओ-आशू घाटातल्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुढचा उतार वळणं घेत थेट खाली जातो. हिवाळ्यात तिथे भल्याभल्यांना घाम फुटतो. कालमतची गाडी मात्र कित्येक वर्षांत तिथे घसरली नाही, म्हणून ऑफिसच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला होता, आणि एका वर्षी मालकाने सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर मखमली झगा घातला होता.

त्याची बायको बात्मा प्रत्येक खेपेला बरोबर असायची. "मला बाहेरचं पचत नाही, हिच्या हातचंच लागतं," असं तो सांगायचा.

खरी गोष्ट वेगळी होती. फार पूर्वी एका थंडीत त्याच उतारावर त्याचे ब्रेक तापून निकामी झाले आणि गाडी घोड्यांच्या कळपात घुसली. गुराखी उडी मारून वाचला, दोन घोड्या जागीच मेल्या. तेव्हापासून उतार समोर आला की कालमतचे हात स्टिअरिंगवर बधिर व्हायचे. त्याने हे एकट्या बात्माला सांगितलं. ती उझगेन गावची, लहानपणापासून बापाच्या शेजारी बसून कापणी-मळणीचं मोठं यंत्र चालवलेली. "सरका," म्हणाली, आणि गाडी खाली घेऊन गेली.

त्या वेळी बाईला एवढ्या मोठ्या गाडीवर नोकरीला ठेवायची कायद्यानेच मनाई होती. बायकांना बंद असलेल्या कामांची लांबलचक यादी होती, आणि ती मोडली तर दंड मालकाला. म्हणून कागदावर कालमत, गाडीवर बात्मा. घाट उतरल्यावर वजनकाट्याच्या अलीकडे एका टेकाडाआड गाडी थांबायची, दोघं जागा बदलायचे, आणि कालमत रुबाबात काट्यावर गाडी चढवायचा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण लग्नाकार्यात त्याला मानाच्या जागी बसवायचे आणि म्हणायचे, "आका, घाटातलं काहीतरी सांगा." मग तो सांगायचा. बर्फाचं वादळ, समोरून घसरत येणारा टँकर, आपण कसा गिअर टाकला, कसा कड्याला चिकटून निघालो. दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. बात्मा चहा ओतत असायची. एकदा एका म्हातारीने तिला विचारलं, "तुला भीती नाही गं वाटत, शेजारी बसून?" बात्मा म्हणाली, "डोळे मिटून घेते, आजी." सगळे हसले. कालमतही हसला, पण त्या रात्री त्याला घास गेला नाही, असं बात्माने पुढे माझ्या बायकोला सांगितलं.

मग नवा कामगार कायदा आला. ती यादी गेली. शिवाय जो काम करतो त्याच्याच नावाने करार, नाहीतर मालकाची खैर नाही. इसाकने आम्हा सगळ्यांना यार्डात बोलावलं.

"माझे निम्मे ड्रायव्हर रशियाला पळाले," तो म्हणाला. "आता बायकांना घेता येतं, तर मी घेणार. कुणाला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं."

"मग मालक, गाडीत आरसा मोठा लावावा लागेल!" कुणीतरी म्हणालं.

"तुझं थोबाड बघायला लागतो त्यापेक्षा लहानच लावीन," इसाक म्हणाला. "परीक्षा कालमत आका घेतील. घाट त्यांच्याइतका कुणाला ठाऊक?"

पहिला अर्ज बात्माचा आला.

घरी कालमतने तिला विनवलं. "एक वर्ष थांब. लोक विचारतील, ही कधी शिकली."

"विचारू देत. तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली.

बिश्केकची खेप जातच होती, तिच्यावरच परीक्षा ठरली. मी माझी गाडी घेऊन मागेच होतो. बोगद्यापलीकडे आम्ही सगळे उतरलो. इसाक म्हणाला, "आका, पहिली चार वळणं तुम्ही घेऊन दाखवा, मग एजे घेतील." एजे म्हणजे ताई, बात्माला सगळे तसंच म्हणायचे.

कालमत केबिनमध्ये चढला. इंजिन सुरू झालं. गाडी हलेना. ब्रेकमध्ये हवा भरायची वाट बघतोय, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. बराच वेळ गेला. काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता, राखेसारखा.

बात्मा दाराशी गेली. "अहो, सकाळपासून अंगात ताप आहे ना तुमच्या? सांगायचं नाही का?" मग मालकाकडे वळून म्हणाली, "मीच नेते. ते शेजारी बसतील."

इसाक मधे बसला, आणि गाडी उतरली. मी मागून बघत होतो. ब्रेकचा लाल दिवा क्वचित लागायचा. सगळा उतार तिने गिअरवर पेलला. खाली सपाटीवर थांबल्यावर इसाकने खुशीत विचारलं, "बोला आका, पास की नापास?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. त्याने जमिनीकडे बघत म्हटलं, "बरी चालवते. पण नवशिकी आहे. वर्षभर माझ्या हाताखाली राहू दे."

बात्माने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग वाकून टायरमधला खडा काढत बसली.

 बिश्केकला माल उतरवून परत घरी पोहोचल्यावर तिने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "घ्या, गुरुजी." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कालमत ऑफिसात गेला. मी डिझेलची पावती द्यायला तिथेच उभा होतो. मला बाहेर जा म्हणायचंही त्याला सुचलं नाही. "मालक, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "तो घाट मी कित्येक वर्षं उतरलेलो नाही. तीच उतरते."

इसाकने चष्मा काढून पुसला. "आका, बसा. मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"गाडी सर्व्हिसला आली की मेकॅनिक सीट मागे सरकवतो. तुमची सीट कायम पुढे ओढलेली. तुमचे गुडघे तिथे मावतील का? वजनकाट्यावरच्या पोरांनाही ठाऊक, ड्रायव्हरांनाही ठाऊक. मी गप्प राहिलो, कारण माल वेळेवर पोचत होता आणि दंड मला होता. परीक्षेच्या दिवशी मात्र मला वाटलं होतं, तुम्ही 'पास' म्हणाल. तुमची वाट मोकळी व्हावी म्हणूनच तुम्हाला परीक्षक केलं होतं. चार वळणं घ्या म्हटलं, तेही तुम्ही स्वतःहून 'तिलाच घेऊ दे' म्हणाल म्हणून."

कालमतने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. लग्नातल्या त्या सगळ्या गोष्टी, तो टँकर, ते वादळ, आम्ही सगळं ठाऊक असून ऐकत होतो, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याचे कान लाल झाले. भिंतीवरचा आपला फोटो काढायला तो उठला, पण खिळा निघेना. शेवटी इसाकनेच तो उतरवला.

बात्माचा करार त्याच आठवड्यात तिच्या नावाने झाला. कालमतने यार्डात टायरचं काम मागून घेतलं. लग्नांना तो वर्षभर गेलाच नाही. आता जातो, पण दाराजवळ बसतो, आणि कुणी "आका, वर या" म्हटलं तर पाय दुखतो म्हणतो. मखमली झगा त्याने कुणाला देऊन टाकला ते कुणालाच माहीत नाही.

शरद ऋतूत एका संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. बात्मा नुकतीच खेप करून आली होती, आणि कालमत तिच्यासाठी पीठ लाटून शेवया कापत होता, जाडजूड, वेड्यावाकड्या. त्याने मान वर न करता विचारलं, "अजून रागावली आहेस?"

"भीती वाटते म्हणून मी कधी रागावले होते का?" ती म्हणाली. "लग्नात सांगत होतात, त्याचंही मला हसूच यायचं. पण मी सगळ्यांसमोर तुमची लाज झाकली, आणि तिथेच खाली उतरून तुम्ही मला नवशिकी म्हणालात. ते जायला वेळ लागेल."

"किती?"

"मला काय माहीत? पाणी उकळलंय, शेवया टाका."

त्याने शेवया पाण्यात सोडल्या. बराच वेळ तो पातेल्यावर वाकून उभा होता, वाफेत तोंड घालून.