कडीपलीकडे पाणी ओतणारं कोण?

आधीच सांगते, इथले भुताखेतांचे किस्से मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आलेय. काहींच्या खाली खोचक कमेंटही टाकल्यात. त्या मंडळींनी आता खुशाल सूड उगवावा... मी परळच्या एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताचे रिपोर्ट. मशीन दाखवतं ते खरं, बाकीचं माणसाच्या डोक्यातलं, असं मानणारी मी बाई. अजूनही मानते. फक्त त्या एका दुपारचं काय करायचं ते मला कळत नाहीये.

आम्ही लालबागला राहतो. आधी चाळ होती, ती पाडून टॉवर झाला आणि आम्हा जुन्या भाडेकरूंना मागची विंग मिळाली. लाईट गेली तरी पुढच्या विंगमधले एसी चालू असतात. आमच्या जनरेटरवर फक्त जिन्यातले दिवे लागतात, आणि तेही त्याचा मूड असेल तर. चौदाव्या मजल्यावर मी, नवरा संदीप, आणि गेल्या वर्षीपर्यंत सासरे. त्यांना सगळे आबा म्हणत.

चाळ रिकामी करताना प्रत्येकाने काही ना काही उचकटून आणलं. कोणी नावाची पाटी, कोणी खिडकीचे गज. आबांनी आमच्या खोलीच्या दाराची लोखंडी कडी आणली. नव्या घराच्या दाराला चकाचक लॅच, मग ही लावायची कुठे? शेवटी सुताराला बोलावून त्यांनी ती बाथरूमच्या दाराला बाहेरून ठोकून घेतली. एवढी जड की दार जोरात आपटलं की आपोआप पडून कोयंड्यात बसायची. मी कितीदा कटकट केली, "आबा, एक दिवस कोणीतरी आत अडकेल."

"अडाकलो कोण तर आमी आसव मा भायर," आबा म्हणायचे. विषय संपला.

आबांचा खरा जीव होता बाबल्यात. बाबल्या म्हणजे हॉलमधल्या टँकमधला ऑस्कर मासा. तळहाताएवढा, काळा-नारिंगी, आणि आबांसारखाच तिरसट. माझ्याशी आबा कामापुरतं बोलायचे, बाबल्याशी तासन्‌तास. मला दमा आहे. धूळ, दमट हवा किंवा नुसती धावपळ झाली तरी छाती वाजायला लागते. मी इनहेलर शोधायला लागले की आबा बाबल्याला सांगायचे, "घरात दोन जीव पंपार आसत रे." त्यांनी मला माशाच्या रांगेत बसवलं म्हणून मी दिवसभर फुगून बसायचे.

लाईट गेली की टँकमधला हवेचा पंप बंद पडतो आणि पाण्यातली हवा संपत जाते. मासा वर येऊन तोंड उघडतो-मिटतो. अशा वेळी आबा स्टीलचा तांब्या घ्यायचे, टँकमधलंच पाणी भरायचे, हात वर न्यायचे आणि उंचावरून परत टँकमध्ये सोडायचे. पडताना पाणी हवा घेऊन जातं. मलाही शिकवलं. माझी आपली भराभर ओतायची घाई, तर म्हणाले, "घाई करू नको गो. एक तांबयो ओतूचो, आवाज इरलो काय दुसरो. मासो घाबारता." ओतलं की थांबायचे, बोटाने काचेवर टकटक करायचे, मग पुढचा तांब्या.

आबा गेले आणि बाबल्या माझ्या गळ्यात पडला. तक्रार करायची सोय नव्हती. संदीप वडिलांच्या जाण्यावर रडला नाही, तेराव्यालाही नाही. पण त्यानंतर तो रोज टँकसमोर ताट घेऊन बसून जेवायला लागला. काय समजायचं ते मी समजले. तो मासा मरून चालणार नव्हतं.

आणि ऑक्टोबरच्या ऐन उकाड्यात आमच्या मीटर रूममध्ये काहीतरी जळलं. संध्याकाळी लाईट गेली ती गेलीच. आम्ही आळीपाळीने तांब्या धरला. सकाळ उजाडली तरी लाईटचा पत्ता नाही, पाणी नाही, लिफ्ट बंद. मजल्यावरचे सगळे नातेवाइकांकडे निघून गेले. आम्ही कुठे जाणार, बाबल्या होता ना!

दुपारी संदीप बॅटरीवर चालणारा पंप आणायला निघाला. परळचं दुकान बंद होतं, म्हणजे माटुंग्याला जावं लागणार होतं. माझा फोन केव्हाच डेड झालेला, तोही चार्ज करून आणतो म्हणून घेऊन गेला. दारातून परत वळून म्हणाला, "वैशू, मी येईपर्यंत सोडू नको हं त्याला."

"तू जिने मोज, मी तांबे मोजते," मी म्हटलं.

टँकचं पाणी कोमट लागायला लागलं होतं. बाथरूममध्ये आम्ही माशासाठी एक बादली कायम भरून ठेवतो. नळाच्या पाण्याचा औषधी वास उडून जावा म्हणून ते शिळं करायचं असतं. त्यातलं थोडं आणावं म्हणून मी तांब्या घेऊन आत गेले. उकाड्यामुळे खिडक्या सताड उघड्या. वाऱ्याचा एक झोत आला, माझ्या मागे दार धाडकन आपटलं, आणि त्यानंतर तो आवाज... खट्ट.

कडी!

आधी मी हसले. खरंच. मग हाका मारल्या, दार बडवलं. ऐकायला होतं कोण? आमच्या बाथरूमला खिडकी नाही, डक्टमध्ये उघडणारं एक्झॉस्टचं भोक तेवढं आहे, आणि पंखा बंद म्हणजे तेही नसल्यासारखंच. मिट्ट काळोख. स्वतःचा हात दिसेना. दाराला खांदे मारून मारून धाप लागली आणि छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. इनहेलर फ्रीजवर. दारापासून चार पावलं, पण पलीकडे.

मी फरशीवर बसले. श्वास आत जात होता, बाहेर येईना. भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या. आपण इथेच संपणार, ही इतकी साधी गोष्ट त्या काळोखात मला कळली. आणि मी प्रचंड घाबरले.

तेव्हा हॉलमधून आवाज आला. पाण्याचा.

उंचावरून पाणी पडल्याचा आवाज. मग शांत. मग काचेवर टकटक. मग पुन्हा पाणी.

"संदीप?" मी ओरडले. संदीप नव्हताच तो. आमचं सेफ्टी डोअर उघडताना अख्ख्या मजल्याला कळतं. शिवाय संदीप बादली रिकामी केल्यासारखा ओततो. हे ओतणं मी ओळखत होते.

खरं सांगू? मला भीती नाही वाटली. राग आला. डोक्यात तिडीकच गेली.

"आबा!" मी दारावर थाप मारली. "माशासाठी आलात? इथे मी मरतेय ना! 'आमी आसव भायर' म्हणाला होतात... मग काढा की कडी!"

पाणी पडत राहिलं. आवाज विरला की दुसरा तांब्या.

ओरडल्यामुळे मला खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात बाहेरचं पाणी थांबलं. मला वाटलं, आले, आता कडी निघणार. मी दाराला हात लावून बसले. कोणी आलं नाही. माझा खोकला शांत झाला आणि पाणी पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा सावकाश. मला रडू फुटलं. सून मेली तरी चालेल, मासा जगला पाहिजे! पुन्हा खोकला आला, पुन्हा पाणी थांबलं, पुन्हा सुरू झालं... असं किती वेळा झालं कोणास ठाऊक.

शेवटी भांडायचंही त्राण उरलं नाही. डोकं दाराला टेकून मी नुसतं ऐकत बसले. पाणी... टकटक... पाणी. केव्हातरी लक्षात आलं की माझा श्वास त्या पाण्याच्या लयीत चाललाय आणि छातीतली शिट्टी बारीक झालीय. मनात आलं, जाऊ दे, निदान बाबल्या तरी वाचला. संदीपला काहीतरी उरेल.

सेफ्टी डोअर खणखणलं. पाणी पडता पडता मधेच थांबलं.

"वैशू? अगं, कुठेयस?" कडी वर गेली. संदीप घामाने निथळत होता, हातात पंपाचा खोका. मला बघून त्याचा चेहराच उतरला. धावत जाऊन त्याने इनहेलर आणला, मला हॉलमध्ये बसवलं. जरा बोलता आल्यावर मी पहिलं विचारलं, "बाबल्या ठीक आहे ना?"

संदीप टँकसमोर उभा होता.

बाबल्या आडवा होऊन तरंगत होता. डोळे पांढरे पडलेले. संदीपने त्याला हातात घेतलं तर अंग ताठ. "हा केव्हाच गेलाय गं," तो म्हणाला आणि तिथेच खाली बसून लहान मुलासारखा रडला. आबांचं राहिलेलं रडणं तेव्हा झालं त्याचं. मी त्याला धरून बसले, आणि माझी नजर टँकवर गेली. पाणी बराच वेळ स्थिर राहिलं की वर तेलकट साय येते, ती अखंड होती. कुठे मोडलेली नव्हती. शिंतोड्यांसाठी खाली पसरलेलं फडकं कडकडीत सुकं. आणि तांब्या? तो माझ्याबरोबर बाथरूममध्ये होता. अजूनही तिथेच बादलीशेजारी पडलेला होता.

म्हणजे ते पाणी बाबल्यासाठी नव्हतं. आणि मी एवढा वेळ आबांना शिव्या घालत होते.

आमच्या लॅबमधल्या डॉक्टर म्हणतात, श्वास कमी पडला की मेंदू काहीही ऐकवतो. संदीप म्हणतो, डक्टमधून कुठल्यातरी मजल्याचं पाणी वाहत असेल. बिल्डिंगला पाणीच नव्हतं, पण असेल. माझ्याकडे दुसरं explanation नाही, आणि लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईने हे लिहायला लाज वाटते.

पण डक्टमधलं पाणी मला खोकला आला की थांबत नाही हो.